ऱ्होड आयलंडच्या तिसऱ्या

प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिकडे तिसऱ्या, म्हणजे आपल्या खायच्या शिंपल्या, मिळतात का, असं फोनवर विचारलंस. मिळतात म्हणजे काय, 1987 साली या राज्याने शिंपलीला आपलं मानचिन्हच करून टाकलंय! क्वाहॉग म्हणतात तिला. चांगली मुठीएवढी होते, कवच जाडजूड आणि आत कडेला जांभळा रंग. त्या जांभळ्या भागाचे मणी इथले मूळ रहिवासी घडवायचे.

पण कूळ आपल्या तिसऱ्यांचंच, व्हेनेरिडी. पाचशेच्या वर जाती आहेत त्यात. जीवजातींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ही क्वाहॉग आणि आपल्याकडची मेरेट्रिक्स शिंपली, दोघींना एकाच 'व्हीनस' प्रजातीत घातलं होतं. पुढे चुली वेगळ्या झाल्या, भावकी राहिली.

ओळखताना रंगावर जायचं नाही. दिवाळे गावच्या बाजारात एकाच वाट्यात पांढरी, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची येते ना, तरी जात एकच असू शकते. रिकामी शिंपली उजेडात धर. बिजागरीखाली दोन्ही शिंपांत तीन-तीन दात दिसतील. मग आतली कड बघ. कडेकडेने एक फिकट रेघ जाते आणि एका टोकाला आत वळून खाच करते. गाळात पुरलेली शिंपली दोन नळ्या वर काढून पाणी ओढते, सोडते. त्या नळ्या आत घ्यायची ही जागा. खाच खोल असेल तर नळ्या लांब, म्हणजे ती गाळात खोल राहणारी. मेल्यावरही कवच सांगतं बघ!

याच रेघेमुळे 'ओशन क्वाहॉग' वेगळी काढता येते. नाव क्वाहॉगचं, पण कूळ आर्क्टिसिडी. तिला खाचच नाही. आइसलंडजवळ 2006 मध्ये काढलेली एक तर, कवचावरच्या रेघा मोजल्यावर, 507 वर्षांची निघाली.

हॉटेलात लिटलनेक, चेरीस्टोन, चाउडर अशी नावं वाचून चक्रावायला होतं. सगळी एकच जात, फक्त लहान-मोठी! मोठ्या शिंपल्या बारीक चिरून बटाटा आणि दूध घालून शिजवतात. माझ्या घशाखाली उतरत नाही ते. मी आपलं फ्रोझन खोबरं वाटून सुकं करतो.

वहिनीला सांग, कालवं यात धरू नकोस. खडकाला चिकटून राहणारी ती, त्यांचं कूळ निराळं.

पुढच्या खेपेला तिसऱ्या आणल्यास की एका शिंपेचा आतून फोटो काढून पाठव, खाच दिसेल असा. बाबांना सा. न.

तुझा,
बाळ्या