नोंद खुणांची हवी, केवळ त्यांच्या अर्थाची नव्हे

संपादक महोदय,

दिव्यांग स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात आरोपी सुटला, की ‘न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. कर्णबधिर मुलांना शिकवण्यात आयुष्य गेलेली मी एक निवृत्त विशेष शिक्षिका आहे. माझ्या मते विश्वासाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच अंशी सोडवला आहे. पुरावा निसटतो तो त्याच्या कितीतरी आधी, तिचे म्हणणे कागदावर उतरवताना.

आंध्र प्रदेशातील एका जन्मांध दलित तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. तो तिच्या भावांच्या परिचयाचा होता आणि घरी येत-जात असे. पाटन जमाल वली खटल्यात एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ओळख ग्राह्य धरली आणि दिव्यांग स्त्री जगाशी वेगळ्या रीतीने संपर्क साधते एवढ्याच कारणावरून तिची साक्ष दुय्यम ठरत नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा मात्र रद्द झाली, कारण गुन्हा तिच्या जातीमुळे घडला हे सिद्ध करणारा स्वतंत्र पुरावा नव्हता. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम राहिली. साक्षीवर विश्वास ठेवणे म्हणजे पुराव्याचा निकष सैल करणे नव्हे, हे यातून दिसते आणि मला ते योग्यच वाटते. गोव्यातील तुळशीदास कानोळकर प्रकरणात तर 2003 मध्येच, बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलीने प्रतिकार केला नाही म्हणजे तिची संमती होती, हा बचाव न्यायालयाने फेटाळला होता.

आपल्या राज्यातील एका खटल्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. पीडिता मूकबधिर होती आणि काही प्रमाणात बौद्धिकदृष्ट्या अक्षमही. तिची साक्षच नोंदवली गेली नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये हा निर्णय फिरवला. इतर पुरावा पुरेसा असेल, तर केवळ पीडितेची साक्ष झाली नाही एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, असे सांगताना न्यायालयाने प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशा साक्षीदारांसाठी किमान दोन विशेष साक्ष केंद्रे उभारण्याचा आदेशही दिला. निकाल स्वागतार्हच आहे, पण ती बोलू शकली असती का, हे कुणी नीट तपासलेच नसेल, तर तिच्या वाटचे मौन आपणच तिच्यावर लादले नाही का?

तपासून पाहण्याची साधने कायद्यात आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेतील 2013 च्या दुरुस्तीनुसार पोलिसांनी अशा स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आणि तिचे चित्रीकरण करायचे. दंडाधिकाऱ्यांसमोरील चित्रित जबाब सरतपासणी, म्हणजे तिच्याच बाजूच्या वकिलाने घ्यायची पहिली साक्ष, म्हणून धरला जातो आणि खटल्यात थेट उलटतपासणी होते. त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

गाडी अडते ती दुभाष्यापाशी. खेड्यातल्या अनेक कर्णबधिर मुली शाळेची पायरी चढलेल्या नसतात. त्यांच्या खुणा घरच्या, आईला आणि फार तर भावंडांना कळणाऱ्या. प्रमाण सांकेतिक भाषेचा जाणकार आणला, तरी तो अशा मुलीपुढे निम्मा परकाच असतो. आणि आईला दुभाषी केले, तर बचाव पक्ष तिच्या हितसंबंधावर बोट ठेवतो, तेही गैर नाही. दर्शनसिंग या राजस्थानातील खून खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातला, पण खटल्यात हितसंबंध नसलेला असावा, त्याला शपथ द्यावी आणि नोंद खुणांची व्हावी, केवळ त्यांच्या अर्थाची नव्हे.

हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ‘असे म्हणणे खरे नाही की, मी ओरडले नाही’ ही आपल्या साक्षीच्या कागदांवरची नेहमीची भाषा. असा दुहेरी नकार खुणांत मांडायचा कसा? कर्णबधिर मूल समोरच्याकडे आपले लक्ष आहे हे दाखवण्यासाठीही मान हलवते. कागदावर त्याचा ‘होय’ होतो आणि पुढे अपिलात तो ‘होय’च वाचला जातो. पंधरा मिनिटांच्या हातवाऱ्यांतून दोन ओळींचे उत्तर उरते, तेव्हा काय गळाले हे सांगायला चित्रफितीवाचून दुसरे काही नसते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाने दुभाषी आणि विशेष शिक्षकांची अद्ययावत यादी ठेवावी व त्यांना वेळेवर मानधन द्यावे. साक्षीआधी दुभाष्याला त्या मुलीसोबत तिच्या खुणा ओळखण्यापुरता वेळ द्यावा, हवे तर बचाव पक्षाच्या वकिलांसमोर. आणि अपील ऐकताना उच्च न्यायालयाने टंकलिखित साक्षीबरोबर चित्रफीतही पाहावी.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, सातारा