घर घेताना तपासणी कोणाच्या सांगण्यावरून करावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये जुने घर विकत घेणारा माणूस कागदपत्रांच्या बाबतीत आता बराच सावध झाला आहे. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काच्या नोंदींचा अहवाल, काढणे, सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहणे, घरपट्टीची थकबाकी नाही ना याची खात्री करणे, हे बहुतेक जण करतात. मात्र ज्या भिंती आणि ज्या स्लॅबसाठी पुढची कित्येक वर्षे हप्ते भरायचे, त्यांची तपासणी कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून करायची, हा प्रश्न व्यवहारात सहसा विचारलाच जात नाही. ‘बँकेचा इंजिनिअर पाहून गेला आहे’ एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असल्याने घर घेणारे नातेवाईक व ओळखीचे लोक सल्ल्यासाठी येतात, आणि विसार (टोकन) देऊन झाल्यावर येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बँकेने पाठवलेला हा इंजिनिअर, म्हणजे मिळकतीची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर, आपले काम नीट करत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. कर्ज थकले तर ही मिळकत विकून रक्कम वसूल होईल का, हे बँकेला जाणून घ्यायचे असते. म्हणून तो मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळते का, क्षेत्रफळ किती, इमारतीचे वय काय, परिसरातील दर काय, एवढे पाहतो. बाथरूमच्या खालच्या स्लॅबमध्ये पाणी मुरते आहे का, गच्चीचा उतार कुठे वळतो, पीओपीच्या छताआड काय दडले आहे, हे पाहण्यासाठी त्याला पाठवलेलेच नसते. त्याचे शुल्क कर्जदाराच्या खिशातून जाते, अहवाल मात्र बँकेच्या फाइलमध्ये राहतो, आणि मागितला तरी तो हाती येईलच असे नाही.

बँकेचा व्हॅल्युअर सोडला तर खरेदीदारासमोर साधारण चार वाटा असतात. पहिली, विक्रेत्याने आधीच करून ठेवलेला अहवाल मान्य करणे. दुसरी, एजंटाने सुचवलेला इंजिनिअर नेमणे. तिसरी वाट अलीकडे फार लोकप्रिय आहे: वॉटरप्रूफिंगचे काम करणाऱ्याकडून ‘मोफत तपासणी’ करून घेणे. चौथी, स्वतः शोधलेल्या आणि स्वतः शुल्क दिलेल्या स्वतंत्र अभियंत्याकडे काम सोपवणे. पहिल्या तिन्हींमध्ये तपासणी करणाऱ्याचा किंवा करवणाऱ्याचा काही ना काही लाभ व्यवहाराच्या निकालात गुंतलेला असतो. एजंटाची दलाली व्यवहार झाला तरच मिळते, आणि मोफत पाहणाऱ्याला दुरुस्तीचे कंत्राट हवे असते, त्यामुळे एकाला दोष दिसत नाहीत आणि दुसऱ्याला नको तितके दिसतात. इंग्लंडमध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेचे मूल्यांकन आणि खरेदीदाराने स्वतः करवून घेतलेला सर्व्हे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात, आणि असा सर्व्हे साध्या पाहणीपासून सखोल तपासणीपर्यंत तीन स्तरांचा असतो. स्कॉटलंडमध्ये 2008 पासून उलट पद्धत आहे, तेथे घर बाजारात आणतानाच विक्रेत्याने सर्व्हेयरचा अहवाल तयार ठेवायचा असतो. आपल्याकडे दोन्हींपैकी एकही रूढ नसल्याने जबाबदारी आपसूक खरेदीदारावर येते, आणि त्याला ते ठाऊक नसते.

स्वतंत्र अभियंता नेमायचा म्हणजे नेमके काय करवून घ्यायचे, हे घराच्या प्रकारावर ठरते. पंधरा-वीस वर्षांच्या इमारतीतील फ्लॅट असेल तर केवळ फ्लॅटमध्ये फिरून उपयोग नाही. गच्ची, पाण्याची टाकी, पार्किंगमधील कॉलम आणि बाहेरच्या बाजूने उतरणारे ड्रेनेजचे पाइप पाहावेच लागतात. काँक्रीटमध्ये ओल शिरली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि त्या दाबाने आवरणाचे पापुद्रे सुटू लागतात. विक्रीपूर्वी नवा रंग दिलेल्या घरात हे डोळ्यांना दिसत नाही. अशा ठिकाणी काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज देणारी रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्या शोधणारी अल्ट्रासॉनिक किंवा सळईच्या गंजाची शक्यता मोजणारी हाफ-सेल चाचणी करता येते, पण सरसकट सगळ्या चाचण्या करवण्याची गरज नसते. आधी डोळस पाहणी आणि तिच्यात शंका आली तरच चाचणी, हा क्रम ठेवला तर खर्च आटोक्यात राहतो. शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. त्या अहवालाची प्रत सेक्रेटरींकडे मागावी. अहवाल नसेल, तर तीही एक माहितीच झाली.

सिडकोतील, म्हणजे सिडको महामंडळाने वसवलेल्या भागातील, घरांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. मूळच्या छोट्या घरांवर पुढे मजले चढवले गेले, आणि मूळ पाया किती भार पेलण्यासाठी बांधला होता हे विक्रेत्यालाही पुष्कळदा माहीत नसते. काळ्या मातीच्या पट्ट्यातील रो-हाऊसेसमध्ये पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या जमिनीमुळे तिरप्या भेगा पडतात. गिलाव्याची केसासारखी भेग आणि पाया खचल्याची भेग यांतला फरक जाणकारालाच कळतो, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा त्याचे शुल्क वसूल होते. जमल्यास असे घर श्रावणात पाहावे आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये पाहावे, पण घर विकणारा इतका थांबत नाही, हेही खरे.

रो-हाऊस, बंगला किंवा मोकळा प्लॉट घेताना इमारतीइतकीच जमिनीची मोजणी महत्त्वाची आहे. कुंपणाची भिंत म्हणजे हद्द नव्हे. मोजणीचा अर्ज उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात मिळकतधारकालाच करावा लागतो, खरेदीदार स्वतःच्या नावाने तो करू शकत नाही, आणि म्हणूनच ही अट विसार देण्याआधी विक्रेत्याकडून मान्य करून घ्यायला हवी. खासगी सर्व्हेयर टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र लावून चटकन मोजून देतो, क्षेत्र कमी भरते का हे समजण्यासाठी त्याचा उपयोगही होतो, परंतु हद्दीचा वाद उभा राहिला तर शासकीय मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रतच कामाला येते. सरकारी मोजणीला वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही तिचा एक फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही: लगतच्या धारकांना आगाऊ नोटीस जाते, त्यामुळे शेजाऱ्याचा दडून राहिलेला आक्षेप खरेदीखतापूर्वीच बाहेर येतो.

गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडी यांच्या काठची मिळकत असेल, तर 2008 च्या महापुराची आठवण ठेवून निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी घ्यावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. सिंहस्थाच्या तयारीत रस्त्यांची कामे सुरू असताना विकास आराखड्यातील रस्तारुंदी तपासणेही ओघाने आलेच. जुन्या नाशकातील वाड्यांबद्दल इथे लिहीत नाही. तिथे लाकूड, माती, वारसदार आणि भाडेकरू अशा चारही बाजूंनी गुंता असतो, आणि तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

कायदा खरेदीदाराला काही आधार देतो, पण तो मर्यादित आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो त्याने सांगितला पाहिजे. मात्र जो दोष साध्या तपासणीत दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड जाते, म्हणजे तपासणी न करण्याची किंमत दोनदा मोजावी लागते. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पात ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष निदर्शनास आणून दिला, तर तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर असते. फ्लॅट दुसऱ्या हातचा पण नवा असेल तर मूळ ताब्याची तारीख आवर्जून विचारावी. त्याहून जुन्या घरांना हे संरक्षण नाही.

त्यामुळे सगळा भर विसार पावतीवर येतो. व्यवहार तोंडी ठरल्यावर आणि टोकन देण्यापूर्वी तपासणी व्हावी, हे उत्तम. विक्रेता त्याला तयार नसेल तर टोकनची रक्कम लहान ठेवावी आणि पावतीत स्पष्ट लिहून घ्यावे, की ठरलेल्या मुदतीत खरेदीदाराच्या अभियंत्याची तपासणी व शासकीय मोजणी पूर्ण होईल, आणि गंभीर दोष किंवा क्षेत्रात तूट आढळल्यास किंमत पुन्हा ठरेल अथवा विसार परत मिळेल. ‘गंभीर’ म्हणजे काय हे वकिलाकडून नेमके लिहून घ्यावे, नाहीतर त्यावरूनच भांडण होते. अभियंत्याशी शुल्क आधीच ठोक ठरवावे, छायाचित्रांसह सहीशिक्क्याचा लेखी अहवाल मागावा आणि पुढील दुरुस्तीचे काम त्याच्याकडे जाणार नाही हे त्याला सुरुवातीलाच सांगावे.

शहरातील बँका आणि पतसंस्थांना एक विनंती आहे. ज्या व्हॅल्युएशनचे पैसे कर्जदार देतो, त्याची प्रत त्याला न मागता मिळावी, आणि ‘ही घराच्या स्थितीची तपासणी नाही’ हे वाक्य तिच्या पहिल्या पानावर मराठीत छापलेले असावे. स्थापत्य अभियंत्यांच्या स्थानिक संघटनांनी जुन्या घराच्या तपासणीचा एक सर्वमान्य नमुना आणि शुल्काची अंदाजे श्रेणी जाहीर केली, तर सामान्य माणसाला कोणाकडे जायचे आणि काय मागायचे हे विचारत फिरावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
इंदिरानगर, नाशिक