आजोबांचा मचवा फोडू नका

प्रिय आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा काका फोनवर म्हणाले की खाडीवरचा आजोबांचा मचवा फोडून लाकूड विकायचं चाललंय, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. फोनवर बोलले असते पण आप्पा तुम्ही "बघू" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून लिहितेय.

रविवारी आम्ही होमबुश बेला गेलो होतो, सिडनीतच आहे, ऑलिम्पिक पार्कच्या बाजूला. तिथे पाण्यात एअरफिल्ड नावाची जुनी बोट आहे. १९११ साली ब्रिटनमध्ये बांधलेली, ७९ मीटर लांब, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन सैन्याला सामान पोचवायची आणि नंतर न्यूकॅसलहून सिडनीला कोळसा आणायची, साधारण साठ मैलांची खेप म्हणून असल्या बोटींना इथे सिक्स्टी माइलरच म्हणायचे. १९७२ मध्ये तिला तोडायला इथे आणली, पण तोडायची राहूनच गेली, आणि आता तिच्या पोटात अख्खं रान उभं आहे आप्पा! कडेने नुसता गंजलेला पत्रा, संध्याकाळच्या उन्हात अगदी कातासारखा लाल, आणि वरून हिरव्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या. मी किती वेळ बघत उभी होते मलाच कळलं नाही.

आणि झाडं कोणती माहितीये? तिवरं! आपल्या खाडीतली पांढरी तिवरं, तीच जात. मला आधी खरंच वाटेना. काठावर पण आहेत, चिखलातून वर आलेली ती पेन्सिलीसारखी मुळं बघितली, पानाच्या खालच्या बाजूला बोट लावून चाखलं तर खारट, लहानपणी तुम्ही दाखवलं होतं तसंच. डोळ्यांत पाणीच आलं.

या खाडीच्या गाळात कारखान्यांचं विष होतं, डायॉक्सिन, साफ करायला किती वर्षं गेली, तरी तिवरं आलीच. त्या बोटीत कुणी मुद्दाम लावली नाहीत, भरतीबरोबर बी वाहत येतं, ते झाडावरच रुजायला लागलेलं असतं, जरा गाळ मिळाला की धरलं मूळ.

आपला मचवा पण तसाच कलंडून पडलाय ना, अर्धा गाळात. मागच्या वेळी आले तेव्हा नाळेजवळ खेकड्यांची बिळं होती आणि फळीवर एक खंड्या येऊन बसायचा. सागाचे किती पैसे येतील ते मी पाठवते, खरंच पाठवते, पण त्याला हात लावू नका. आजोबांनी ज्या पाण्यात जन्म काढला तिथेच राहू दे त्याला.

सुकतीला जाऊन एकदा आत बघाल का, एखादं रोप आलंय का ते? दिसलं तर फोटो पाठवा, बबनला सांगा काढायला. आई, गुडघ्याचं तेल लावतेस ना रोज?

तुमची,
माई