दारिद्र्याचं व्रत आणि कर्जाचा अर्ज

महोदय,

कॅथलिक सिस्टर म्हटलं की आपल्याला कॉन्व्हेंटची शाळा नाहीतर दवाखाना आठवतो. मुलांच्या प्रवेशासाठी आपण त्यांच्या दारात रांगा लावतो, पण या बायका घरदार सोडून कशासाठी आल्या, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून सिस्टर राणी मारिया यांच्याविषयी लिहितो आहे. मी इंदूरचा मराठी माणूस. त्यांनी जिथं काम केलं ते उदयनगर आमच्या शेजारच्या देवास जिल्ह्यात.

राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या, जन्म 1954 चा. त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या सिस्टरांच्या संघाच्या. हा संघ 1888 मध्ये केरळातच सुरू झाला; संत अल्फोन्सा याच संघाच्या. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि दारिद्र्य ही त्यांची तीन व्रतं. स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही, हे असिसीच्या संत फ्रान्सिसचं वळण.

उदयनगरला त्या 1992 मध्ये आल्या. तिथल्या आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांना त्यांनी सरकारी योजना समजावून दिल्या, बँकेची कर्जं मिळवून दिली, बचतीची सवय लावली. ऐकायला हे साधं वाटतं. मी ग्रामीण शाखेत नोकरी केली आहे, त्यामुळे ते किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. माणूस चपला दाराबाहेर काढून आत येतो. कंबरेला खोचलेला अर्ज घामानं ओला झालेला असतो. जामीनदार कोण, म्हटलं की मान खाली घालून निघून जातो तो थेट सावकाराकडे. पावसाआधी बियाण्याला पैसे घ्यायचे, पीक आलं की ते त्याच्याच खळ्यावर घालायचं आणि उरलेल्या व्याजापोटी त्याच्या शेतात राबायचं. अशा माणसाला बँकेचं कर्ज मिळालं की सावकाराचं व्याज बुडतं आणि जमीनदाराचा स्वस्त मजूरही जातो. सिस्टरांचा राग का आला असेल, हे यावरून कळावं.

25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भरल्या प्रवाशांसमोर, त्यांच्यावर सुऱ्याचे वार झाले आणि त्यात त्यांचा जीव गेला. कोणी मध्ये पडलं नाही. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही, कारण त्या बसमध्ये आपल्यासारखीच माणसं होती.

त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्याच संघातली. 2002 च्या रक्षाबंधनाला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या हातावर तिनं राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनी आणि संघानंच अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला. क्षमा हा शब्द मी प्रवचनांतून पुष्कळ ऐकला होता. ती एका मनगटावर बांधलेली मी इथेच पाहिली.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये चर्चनं त्यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. तेव्हा बातम्या झाल्या, मग सगळं शांत झालं. महिला दिनाच्या पुरवणीत आपण दरवर्षी कितीतरी कर्तबगार स्त्रियांवर लिहिता. त्याच्या दहा-बारा दिवस आधीच 25 फेब्रुवारी येते. त्या दिवशी यांच्यावर एखादा सविस्तर लेख छापावा आणि आज खेड्यापाड्यांत कर्जाचे अर्ज भरून देणाऱ्या सिस्टरांकडेही आपला वार्ताहर पाठवावा, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर