कासवाची रांगोळी आणि भंगारातले संगणक

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले आणि आमच्या चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत चांगले चालते संगणक भंगाराच्या वाटेला लागले. (तसेही ते झाकण घालून जपण्यापुरतेच होते म्हणा!) भाच्याने त्यातल्या एकाला पेनड्राइव्हवरून शुगर जोडून दिले. ही मुलांसाठीची मुक्त प्रणाली. २००७मध्ये रायगडच्या खैराट गावातल्या शाळेत मुलांच्या हाती जे छोटे लॅपटॉप दिले होते, त्यांत हीच होती. इंटरनेट नसले तरी अडत नाही.

तिच्यात टर्टल ब्लॉक्स नावाचा चित्रे काढण्याचा कार्यक्रम आहे. पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडायचे, त्याप्रमाणे कासव रेघ ओढते. चौकोन काढ, १० अंश वळ, असे ३६ वेळा केले की गोल रांगोळी उमटते. सहावीतल्या एका मुलीने १०ऐवजी ८ टाकले, तर रांगोळी एका बाजूने अपुरीच राहिली. मी सांगणार होतो, पण गप्प बसलो. बोटांवर, मग वहीत हिशेब करून तिने ३६चे ४५ केले. ‘जमनं भो!’ मागून पोरे ओरडली. ३६० अंश मी फळ्यावर वर्षानुवर्षे शिकवले. असे कधी जमले नाही.

जिल्हा परिषदेने जुनी यंत्रे मोडीत काढण्याआधी अशी एकदा चालवून पाहावीत. परवान्याचा पैसाही लागत नाही.

– एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)