छताखाली फवारलेल्या पॉलियुरेथेन फोमबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फवारलेल्या फोमचा न जाणारा दर्प, कामातील त्रुटी आणि आरोग्यविषयक माहिती देण्यास झालेली टाळाटाळ

महोदय,

आपल्या कंपनीकडून आमच्या घराच्या छताखाली पॉलियुरेथेन फोमचा उष्णतारोधक थर फवारून घेतल्याला बराच काळ लोटला आहे. तरीही वरच्या मजल्यावरचा उग्र, अमोनियासारखा आणि ऊन चढू लागले की माशांच्या वासाकडे झुकणारा दर्प अद्याप गेलेला नाही. याबाबत फोनवर केलेल्या तक्रारींना प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले की हा नव्या रंगासारखा वास आहे, खिडक्या उघड्या ठेवा, आपोआप जाईल. तो गेला नाही, आणि तोंडी उत्तरांवर यापुढे विसंबून राहता येत नाही, म्हणून ही लेखी तक्रार करीत आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करते की माझा रोष या पदार्थावर नाही. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन प्रथम तयार केले. त्यानंतर आजवर फ्रिजच्या भिंतींपासून शीतगृहांच्या पॅनेलपर्यंत हा फोम सर्वत्र पोहोचला, तो उगाच नव्हे. बंद पेशींच्या, म्हणजे ज्यातले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात अशा फोमची उष्णतावाहकता साधारण ०.०२२ ते ०.०२८ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. इतक्या कमी जाडीत इतका उष्णतारोध देणारे पदार्थ थोडेच आहेत. शिवाय फवारलेला फोम फटीत शिरून फुगतो, पृष्ठभागाला घट्ट धरतो आणि त्यात सांधे राहत नाहीत. आपल्या प्रतिनिधीने हे सारे सांगितले होते, ते खरे होते, आणि त्यावर विश्वास ठेवूनच आम्ही काम दिले.

जे सांगितले गेले नाही, त्याबद्दल माझी तक्रार आहे. फ्रिजमधला फोम कारखान्यात, मोजूनमापून, यंत्राच्या देखरेखीखाली तयार होतो आणि पूर्ण घट्ट झाल्यावर आपल्या घरी येतो. फवारणीचा फोम मात्र आमच्या घरातच तयार झाला. एका पिंपात आयसोसायनेट हे क्रियाशील रसायन, मुख्यतः त्याचा एमडीआय हा प्रकार, आणि दुसऱ्या पिंपात त्याच्याशी संयोग पावणारे पॉलिऑल, क्रिया वेगवान करणारे अमाइन वर्गातील उत्प्रेरक, फुगवणारे द्रव्य आणि ज्वालारोधक रसायन, असे दोन द्रव तापवलेल्या नळ्यांतून येऊन पिचकारीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. म्हणजेच आपण आम्हाला वस्तू विकली नाही. एक रासायनिक प्रक्रिया आमच्या छताखाली घडवून आणली आणि तिचे फळ तिथेच सोडून गेलात. अशा वेळी ती प्रक्रिया नीट पार पडली याचा पुरावा देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी ठरते. ती ग्राहकाने नाकाने वास घेऊन ठरवण्याची बाब नव्हे.

प्रक्रिया बिघडल्याच्या खुणा मात्र आम्हाला उघड दिसत आहेत. या प्रकारच्या बहुतेक फोममध्ये दोन्ही द्रव आकारमानाने समान, म्हणजे एकास एक या प्रमाणात मिसळावे लागतात. आयसोसायनेट जास्त झाले तर फोम ठिसूळ होऊन चुरा पडतो, आणि पॉलिऑलची बाजू वरचढ झाली तर तो मऊ, चिकट आणि वास मारणारा राहतो. आमच्या जिन्यावरच्या कोपऱ्यात, तुळईच्या मागच्या पट्ट्यात, फोम बोटाने दाबला तर तो परत वर येत नाही, खळगा तसाच राहतो आणि बोटाला पिवळसर चिकटा लागतो. त्याच खोलीत मधोमध, जिथे थर सर्वांत जाड आहे, तिथला तुकडा सुरीने कापला असता बाहेरून फिकट पिवळा दिसणारा फोम आत तांबूस-तपकिरी निघाला, करपल्यासारखा. या रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणूनच बंद पेशींचा फोम साधारण ५० मिलिमीटरपेक्षा जाड एका दमात फवारू नये, आणि एक थर थंड होऊ देऊन मगच दुसरा द्यावा, असे उत्पादक सांगतात. फार जाड थर एकदम दिला तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही. मग फोम आतून करपतो आणि क्वचित पेटही घेतो. आमच्याकडे काम संध्याकाळच्या आत उरकायचे म्हणून थरावर थर चढवले जात होते, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या पर्यवेक्षकाला त्याबद्दल विचारले तेव्हा "आमची माणसं रोज हेच करतात" एवढेच उत्तर मिळाले.

आता आरोग्याकडे वळते, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. आयसोसायनेट हे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते. त्याची विशेष अडचण अशी की एखाद्या व्यक्तीचे शरीर एकदा त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्रेनेही झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. अमेरिकेत कामाच्या जागेतील हवेत एमडीआयची कमाल मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत केवळ ०.०२ भाग इतकी आहे. ही मात्रा माणसाच्या नाकाला कळतही नाही, त्यामुळे फवारणीच्या वेळी "वास येत नाही म्हणजे धोका नाही" हे आपल्या माणसांनी दिलेले आश्वासन निराधार होते. युरोपीय संघाने तर २४ ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट (एमडीआय याच गटातले) असलेली उत्पादने व्यवसायासाठी हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. आयसोसायनेट म्हटले की आपल्याकडे अनेकांना १९८४ चे भोपाळ आठवते. तो वायू मिथिल आयसोसायनेट होता, तर एमडीआय हे वेगळे आणि फारच कमी बाष्पशील रसायन आहे. त्यामुळे ती तुलना मी करीत नाही. पण पिचकारीतून उडणाऱ्या तुषारांतून आणि गरम बाष्पातून तेही श्वासात जाते, हे बाष्पशीलता कमी असली तरी बदलत नाही.

म्हणूनच फवारणी चालू असताना आणि त्यानंतरही काही काळ घरात इतर कोणी असू नये, असा सल्ला अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देते, आणि अनेक उत्पादक किमान २४ तास आत जाऊ नये असे सांगतात. आम्हाला मात्र "खालच्या मजल्यावर राहिलात तरी चालेल" असे सांगण्यात आले. जिन्याच्या तोंडाशी साधा प्लास्टिकचा पडदासुद्धा लावला नव्हता. पिचकारी धरणाऱ्या कारागिराला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा होता, ही चांगली गोष्ट. पण त्याच्या शेजारी नळी सांभाळणारा आणि नंतर जास्तीचा फोम तासणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून काम करीत होता. ही तक्रार माझ्या नुकसानीची नाही, तरी ती इथे नोंदवते, कारण जो मालक स्वतःच्या कामगाराला मुखवटा देत नाही त्याने ग्राहकाच्या घरातली हवा सुरक्षित असल्याचे सांगावे आणि ग्राहकाने ते ऐकून घ्यावे, हे मला पटत नाही.

माझ्या सासूबाईंना पूर्वीपासून दम्याचा त्रास आहे. फवारणीनंतर तो वाढला, रात्री उठून बसावे लागू लागले, आणि अखेर त्यांची खोली बदलावी लागली. हे फोममुळेच झाले असा दावा मी करीत नाही. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की नेमके कोणते रसायन वापरले आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आपल्या कार्यालयाकडे दोन्ही द्रवांची सुरक्षा माहिती पत्रके मागितली तेव्हा "ते व्यापारी गुपित आहे" असे कळवण्यात आले. महोदय, मिश्रणाचे अचूक प्रमाण गुपित असू शकते, सुरक्षा माहिती पत्रक नव्हे. जगभर एकाच धर्तीवर १६ भागांत लिहिले जाणारे हे पत्रक घातक घटक, प्रथमोपचार आणि हाताळणीतील दक्षता लोकांना कळाव्यात याचसाठी असते.

नीट घट्ट झालेला फोम बऱ्याच अंशी निष्क्रिय असतो, हे मला मान्य आहे, आणि आपल्या उत्तरात तेच वाक्य असणार याचीही कल्पना आहे. पण ते विधान "नीट घट्ट झालेला" या अटीवर उभे आहे, आणि आमच्या छताखालचा फोम ती अट पूर्ण करतो की नाही हाच तर वाद आहे. शिवाय ज्वालारोधकाचा प्रश्न उरतोच. फवारणीच्या फोममध्ये बहुधा टीसीपीपी नावाचे फॉस्फरसयुक्त रसायन असते. ते फोमशी रासायनिकरीत्या बांधलेले नसल्याने हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत सापडते. पॉलिस्टायरीनच्या फोममध्ये वापरले जाणारे एचबीसीडी हे दुसरे ज्वालारोधक २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेले. तेव्हा आमच्या फोममध्ये कोणते ज्वालारोधक आहे, हे विचारणे म्हणजे अतिरेक नव्हे. आपल्या माहितीपत्रकावर मात्र याबद्दल अवाक्षर नाही. त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे ते "फॉर्माल्डिहाइडमुक्त". ते खरे असेलही. पण फॉर्माल्डिहाइड या घातक वायूची ती भीती युरिया-फॉर्माल्डिहाइड या वेगळ्याच फोमची आहे, ज्यावर कॅनडाने १९८० मध्ये बंदी घातली आणि अमेरिकेने १९८२ मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांत छापायचे आणि विचारलेल्या प्रश्नाला गुपित म्हणायचे, ही रीत सचोटीची नाही.

त्याच माहितीपत्रकावर "अग्निरोधक" हाही शब्द आहे. ज्वालारोधक घातलेला फोम उशिरा पेट घेतो, पण तो पेटतो. पेटला की दाट धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतात. म्हणूनच राहत्या जागेत हा फोम उघडा न ठेवता साधारण १२.५ मिलिमीटर जाडीच्या जिप्सम बोर्डासारख्या आवरणाने झाकण्याची पद्धत आहे. आमचा फोम उघडाच सोडला आहे. त्याच्या जवळून विजेच्या तारा जातात, आणि पुढेमागे तिथे वेल्डिंग करायची वेळ आली तर काय काळजी घ्यावी, हेही आम्हाला कोणी सांगितलेले नाही. हा शब्द माहितीपत्रकातून काढावा, ही माझी वेगळी आणि ठाम मागणी आहे.

आपल्या प्रतिनिधीने नुकताच असा प्रस्ताव दिला की फोमवर एक लेप मारून देऊ, वास दबेल. तो मला मान्य नाही. बिघडलेला फोम लेपाखाली झाकला तर तो बिघडलेलाच राहील आणि तपासणेही अवघड होईल. त्याऐवजी दोन्ही द्रवांची सुरक्षा माहिती पत्रके, पिंपांवरील बॅच क्रमांक, आणि कामाच्या दिवशीची नळ्यांचे तापमान, दाब व हवेतील आर्द्रता यांची नोंद आपण द्यावी. अशी नोंद ठेवलीच नसेल तर तसे लेखी कळवावे. आपल्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून फोमची आणि खोलीतल्या हवेची तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च कंपनीने करावा. त्यात फोम सदोष ठरला तर तो पूर्ण खरवडून काढावा, नुसता कोपऱ्यातला नव्हे. खरवडताना बारीक धूळ उडते आणि त्यात प्रक्रिया न झालेली रसायनेही असू शकतात. तेव्हा ते काम घर रिकामे असताना, जागा बंदिस्त करून आणि प्रत्येक कामगाराला योग्य मुखवटा देऊनच व्हावे. त्या काळातला आमच्या राहण्याचा खर्च आणि कामाची संपूर्ण रक्कम परत मिळावी. फोम निर्दोष ठरला, तर वरून जिप्समचे आवरण लावून द्यावे आणि तपासणीचा अहवाल आमच्या हाती द्यावा, एवढे पुरेल.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहकाला उपलब्ध असलेला कायदेशीर मार्ग धरावा लागेल. सोबत बिलाची व माहितीपत्रकाची प्रत, छायाचित्रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. कापलेल्या तुकड्याचे दोन भाग केले असून दोन्ही झाकणबंद काचेच्या बरण्यांत ठेवले आहेत. त्यांतील एक आपल्या तज्ज्ञाला लेखी पोच घेऊन दिला जाईल. तपासणीला येण्याचा दिवस आगाऊ कळवावा, म्हणजे त्या वेळी सासूबाईंची दुसरीकडे सोय करता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
तक्रारदार ग्राहक