तो आधी तुझ्याकडे बघतो

सोलापूर, एप्रिल

लाडक्या चिऊ,

आता तुला जोडाक्षरं वाचता येतात, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितेय. काही आत्ता कळेल, काही दोन-चार वर्षांनी. ठेवून दे.

तू सात वर्षांची, बाळ्या तीन वर्षांचा. एकाच घरात वाढताय असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. तू आलीस तेव्हा घरात सगळी मोठी माणसं होती. मी, बाबा, आजी आणि भिंतीपलीकडच्या अम्मा. बाळ्या ज्या घरात आला, त्या घरात तू होतीस. म्हणजे त्याचं घरच वेगळं.

हे मला यंदा गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, लख्ख दिसलं. तू त्याच्याएवढी होतीस तेव्हा नंदीध्वजांची मिरवणूक पाहून बाबांच्या खांद्यावर रडायला लागली होतीस. एवढी उंच काठी डोलत येताना पाहिली की तुला वाटायचं, ही आता आपल्या अंगावर पडणार. आम्ही सगळ्यांनी समजावलं, तरी तुला पटेना. या वर्षी बाळ्या त्याच वयाचा, तीच गर्दी, बाराबंदी घातलेले तेच मानकरी, तेच सात नंदीध्वज. काठी झुकली तसा तोही दचकला. पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही. त्यानं तुझ्याकडे बघितलं. तू निवांत उभी होतीस. वर त्याला म्हणालीस, "अरे, सिद्धेश्वराच्या लग्नाची वरात आहे, पडत नसते." झालं, तोही निवांत.

नवं काही समोर आलं की लहान मूल आधी आपल्या माणसाचा चेहरा बघतं आणि मग ठरवतं, घाबरायचं की हसायचं. वर्षाचं व्हायच्या सुमारासच ते हे करू लागतं. तू आमचे चेहरे वाचत मोठी झालीस. तो तुझा चेहरा वाचतोय. आणि सात वर्षांच्या मुलीचा चेहरा मोठ्यांसारखा काळजीनं आखडलेला नसतो. बाळ्या तुझ्यापेक्षा धीट आहे असं आजी म्हणते ना, त्याचं मोठं कारण तू आहेस. ज्या पायऱ्या तू एकटीनं चढलीस, त्या तो तुझ्या मागे चढतोय. तुला भित्री म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत असते.

त्याच्या बोलण्याचं तर काय सांगू. अम्मांशी तेलुगू, आजीशी कन्नड, आपल्याशी मराठी, आणि कुणाशी काय बोलायचं यात त्याची गल्लत म्हणून होत नाही. गल्लीतल्या पोरांकडून तो "अक्का, काय करूलालीस?" (म्हणजे ताई, काय करतेयस?) शिकला तेव्हा तू किती हसलीस! पण मला जास्त नवल वाटतं ते त्याच्या "जाला"चं. परवाचंच तुमचं ऐक:

"बाबा ऑफिसला जाला."

"जाला नाही रे, गेला!"

"हां, जाला."

आपल्या घरात, गल्लीत, कुठेही कुणी "जाला" म्हणत नाही. मग हे त्यानं ऐकलं कुठून? कुठूनच नाही. बसला, उठला, पडला ऐकून त्यानं आपल्या मनानं एक नियम बांधला आणि तो "जाणं" आणि "करणं" या शब्दांनाही लावला. म्हणून "जाला", म्हणून "मी करला". नुसती नक्कल करणाऱ्याला हे जमलंच नसतं. आणि गंमत म्हणजे तू त्याच्याएवढी होतीस तेव्हा आधी चांगलं "गेला" म्हणायचीस, मग मध्येच "जाला" सुरू केलंस, पुढे पुन्हा "गेला"वर आलीस. तेव्हा आजीला वाटलं, पोरगी मागे पडायला लागली. मागे नव्हतीस पडत, नियम हाती लागला होता तुझ्या.

काळाचंही तसंच. त्याच्यासाठी दिवाळी "काल" झाली आणि गड्डाही "काल"च झाला. तू मात्र त्या वयात नळावर दिवस मोजायचीस. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे नळ येतो तो दिवस घरात वेगळाच असतो, पिंप, घागरी, बादल्या, सगळ्यांची धावपळ. "अजून दोन नळ झाले की मावशीकडे जायचं," असं तू सांगायचीस, आणि तुझा हिशोब बरोबर निघायचा.

मग तुझा दात पडला. तू तो पत्र्यावर टाकलास आणि बाळ्या संध्याकाळपर्यंत आपला एकेक दात हलवून बघत होता. त्याचे वीसही घट्ट आहेत, पण तुझं जे झालं ते आपलं का नाही, एवढाच त्याचा प्रश्न.

आता ताकाची गोष्ट. ही मी कुणाकुणाला सांगितलीय. ऊन चाळिशीच्या पुढे गेलंय, दुपारी जेवताना ताक लागतंच. त्या दिवशी तुम्हा दोघांना मी सारख्याच फुलपात्रांत सारखंच ताक दिलं, तरी बाळ्या "अक्काला जास्त" म्हणून हटून बसला. तू उठलीस, त्याचं ताक उंच, अरुंद पेल्यात ओतलंस आणि त्याच्यापुढे ठेवलंस. ताक वर चढलं, त्याचा चेहरा खुलला. त्याला जास्त मिळालं होतं! त्याच्या वयात उंची दिसते, रुंदी हिशोबात येत नाही. भांडं बदललं म्हणून ताक वाढत नाही, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांपुढे असेच पेले ठेवून हे पाहिलं होतं. पण पेल्यांच्या त्या खेळात मुलानं फक्त उत्तर द्यायचं असतं. तू त्या समजुतीचा उपयोग केलास. तुला नुसतं ताक सारखं आहे एवढंच कळलं नव्हतं, त्याला ते तसं दिसत नाहीय, हेही कळलं होतं. आणि त्याच्या ताकातला एक घोटही तू कमी केला नाहीस. मी बघत होते.

पाहुणे आले की तुला म्हणतात, "तू आता मोठी ताई." बाळ्या झाला तेव्हाही म्हणायचे, आणि तू तेव्हा जेमतेम चार वर्षांची होतीस, झोपेत अंगठा चोखायचीस. मला ते वाक्य आवडत नाही. तू त्याची अक्का आहेस हे खरं, पण तूही अजून लहान आहेस. गोधडीत तो माझ्या एका बाजूला झोपला की दुसरी बाजू तुझी. ती मागताना लाजत जाऊ नकोस.

जूनपासून बाळ्या बालवाडीत जाईल. तुझी शाळा दुसरीकडे, वेळही वेगळी. तिथे पहिल्यांदाच त्याला तुझा चेहरा दिसणार नाही. काल तू मला विचारलंस, "मी त्याच्या वर्गाबाहेर बसू का?" बाई रोज बसू देणार नाहीत, चिऊ. पण पहिल्या दिवशी त्याला सोडायला तूही चल. तुझ्या वर्गशिक्षिकांना मी सांगून ठेवते, त्या दिवशी तू थोडी उशिरा येशील.

तुझी,
आई